रेशन ‘वरून बंद झालंय’ म्हणजे नक्की कुठून?

अनुजा_क

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचं रेशन दिवाळीपासून मिळत नाहीये. कार्ड केशरी, त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे. कार्ड बीड जिल्ह्यातल्या गावचं, यजमानांच्या नावावर. यजमान वारले, त्यांचं नाव मागेच कमी झालं. आता त्या स्वतः, मुलगा, सून आणि दोन नातवंडं अशी पाच नावं आहेत. मुलगा-सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला कोल्हापूरकडे जातात, मावशी बारा महिने पुण्यात. आत्तापर्यंत पुण्यातल्याच दुकानात अंगठा देऊन त्या आपल्या वाटणीचं उचलायच्या, काही अडचण नव्हती.

आता दुकानदार म्हणतो, ‘मशीनवर तुमचं येतच नाही, वरून बंद झालंय.’ गावच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, तुम्ही पुण्यात उचलता ना, मग पुण्यातच विचारा. पुण्याच्या कार्यालयात गेलो तर ‘कार्ड बीडचं आहे, तिथल्या तहसीलला जा.’ एका एजंटाने दोन हजारांत ‘चालू करून देतो’ म्हणून सांगितलंय. मावशी देऊन टाकायच्या तयारीत आहेत, मी थांबवून धरलंय.

कोणाला अनुभव आहे का? गावी जाणं म्हणजे त्यांचे चार घरांचे खाडे आणि एसटीचं भाडं. गेल्यावर काम होईलच याची खात्री नाही.

पोटोबा

वर म्हणजे देव. कलियुगात एवढंच उत्तर मिळतं. (गमतीचा भाग सोडा. एजंटाला दमडी देऊ नका.)

रानवारा

अनुजाताई, कुठेही जाण्याआधी घरबसल्या एक गोष्ट करा. कार्डाचा बारा अंकी नंबर शोधा. जुन्या कार्डांवर तो पेनाने लिहिलेला असतो, किंवा धान्याच्या पावतीवर छापलेला असतो. तो महाईपॉसच्या, म्हणजे राज्याच्या रेशन वाटपाच्या नोंदींच्या, संकेतस्थळावर आरसी डिटेल्समध्ये (कार्डाच्या तपशिलात) टाका. लॉगिन-पासवर्ड काही लागत नाही. महिना निवडला की कार्डाचा प्रकार, नावं, त्या महिन्याचं मंजूर धान्य, किती उचललं, कुठल्या दुकानातून उचललं, हे सगळं समोर येतं.

हे आधी अशासाठी की दुकानदार सगळ्यालाच ‘बंद’ म्हणतो. कार्ड अजिबात दिसत नसेल तर ते रद्द झालंय किंवा दुसऱ्या कार्डात गेलंय. दिसतंय पण प्रकार एनपीएच (प्राधान्य नसलेलं कुटुंब) झालाय, म्हणजे अन्नसुरक्षेतून बाहेर काढलंय; ते भांडण तहसीलशी. नावं आहेत पण काहींचं धान्यच मंजूर नाही, तर बहुतेक केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिलीय, आणि त्यासाठी गावाला जायची गरजच नाही. आणि सगळं ठीक असून ‘उचल झाली’ असं दाखवत असेल, तर मग वेगळाच विषय.

मी सेतूच्या बाजूलाच दुकान टाकून बसलोय, रोज दहा माणसं चुकीच्या दारात उभी असलेली बघतो.

वऱ्हाडी_ठेचा

एक शंका. बीड जिल्हा आहे म्हणून विचारतो. मराठवाड्याचे आठ आणि आमच्या विदर्भातले सहा अशा चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना आधी दोन-तीन रुपयांनी धान्य मिळे. २०२३ पासून ते बंद करून खात्यात पैसे सुरू केले, माणशी महिन्याला १५०, नंतर १७०. तसलं कार्ड तर नाही ना? आमच्या गावात कितीतरी म्हाताऱ्या रेशन दुकानात जाऊन भांडत होत्या, अन् पैसे तिकडे बँकेत पडून होते. काहींचे आधार लिंक नसल्यानं पडलेच नाहीत, तो भाग निराळा.

अनुजा_क

@वऱ्हाडी_ठेचा, नाही, दिवाळीपर्यंत फुकट धान्य मिळत होतं. म्हणजे प्राधान्यच.

@रानवारा, नंबर शोधते. कार्ड गावी आहे, मावशींकडे झेरॉक्स आहे आणि ती त्यांनी हळद-कुंकवाच्या डब्याखाली अंथरलेली आहे.

खडूस काका

माझं मत पटणार नाही, तरी मांडतो. ही सगळी गाळणी लागते आहे ते उत्तम आहे. आमच्या गल्लीत दर महिन्याला रेशन वाटप झालं की दोन दिवसांत टेम्पो येतो आणि घरोघरचा तांदूळ विकत घेऊन जातो. चारचाकी दारात, एसी भिंतीवर, आणि हातात पिशवी घेऊन फुकटच्या रांगेत. माझ्या करातून. ‘वरून बंद’ झालं तर काही कारण असेलच की.

चकलीची_पहिली_कडी

काका, पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या दारात चारचाकी नसते हो. मालकिणीच्या दारात असते.

खडूस काका

मी या बाईंबद्दल बोललो नाही. मी पद्धतीबद्दल बोललो.

फायलीतला कारकून

पुरवठा शाखेत पंचवीस वर्षं काढून निवृत्त झालो, म्हणून थोडं सविस्तर.

काका म्हणतात तशी माणसं आहेत. पण उत्पन्नाची मर्यादा किती आहे ते पाहा. प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० आणि शहरात ५९,०००. अख्ख्या कुटुंबाचं. कायदा आला तेव्हा ठरवलेले आकडे, अजून तेच चालू आहेत. ४४,००० म्हणजे घराचे दिवसाला १२० रुपये. सरकारच्याच रोजगार हमीचा दर २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होता. एकट्या माणसाला वर्षात दीडशे दिवस काम मिळालं तरी तो मर्यादेबाहेर गेला. तेव्हा काटेकोर लावायचं म्हटलं तर खरा भुकेला माणूसही कागदावर अपात्र ठरतो. म्हणून तलाठ्याकडचे दाखले सगळे चाळीस-बेचाळीस हजारांचे असतात. दाखला देणाऱ्यालाही माहीत असतं, घेणाऱ्यालाही.

दुसरं, इष्टांक. २०१३ च्या कायद्यात राज्याला किती माणसांचं धान्य मिळणार ते २०११ च्या जनगणनेवर ठरलं. महाराष्ट्राचं प्रमाण ग्रामीण ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के, एकूण साधारण सात कोटी माणसं. १ फेब्रुवारी २०१४ पासून आपल्याकडे अंमल सुरू झाला. त्यानंतर माणसं वाढली, इष्टांक तेवढाच. २०२१ ची जनगणना झालीच नाही, ती आता २०२७ ला. त्यामुळे तालुक्याला नवीन नावं घालायची तर जुनी कमी व्हावी लागतात. लोक म्हणतात साहेब मुद्दाम नाव घालत नाहीत. पुष्कळदा साहेबाच्या लॉगिनला जागाच नसते. आणि कुठे मृत, दुबार, लग्न होऊन गेलेल्या मुली अशी नावं निघाली की त्या जागांसाठी कोणाकोणाचे फोन येतात ते मी इथे लिहीत नाही.

पोटोबा

लिहा की कारकूनसाहेब, पेन्शन चालू आहे तोवर!

फायलीतला कारकून

म्हणूनच लिहीत नाही.

मोगरा_७३

लग्न होऊन गेलेल्या मुलींवरून आठवलं. माझ्या जावेचं माहेरच्या कार्डातून नाव लगेच कमी झालं आणि सासरच्या कार्डात आजतागायत चढलं नाही. तहसीलला विचारलं की ‘इष्टांक नाही.’ मधल्या मधे तिच्या वाटचे पाच किलो दर महिन्याला गेले ते गेलेच. आता कळलं कशामुळे.

दुकानवाला_बाप्पा

मी रेशन दुकानदार आहे. जिल्हा सांगत नाही. शिव्या खायची सवय आहे, तेव्हा मोकळेपणाने बोला.

‘वरून बंद’ आम्ही म्हणतो कारण आम्हालाही तेवढंच दिसतं. मशीनवर नंबर टाकला की सदस्यांची यादी येते. ज्याचं नाव येत नाही त्याचं का येत नाही हे मशीन सांगत नाही. समोर पन्नास माणसं, त्यात सर्व्हर गेलेला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सर्व्हर इतका रडतो की एका अंगठ्याला दहा मिनिटं. कमिशन क्विंटलला दीडशे होतं, आता एकशे सत्तर झालंय. त्यात भाडं, लाईट, मापाड्या, घट. काट्यात मारणारे दुकानदार आहेत, मी नाकारत नाही.

अंगठ्याचं सांगतो. धुणं-भांडी, वीटभट्टी, ऊसतोड करणाऱ्यांच्या बोटांवर रेषा उरत नाहीत. आम्ही काय करतो, बोट ओल्या फडक्याने पुसायला लावतो, नाहीतर केसांवरून दोन-तीनदा फिरवायला सांगतो. केसाचं तेल लागलं की पुष्कळदा घेतं. अंगठा नाही तर मधलं बोट, मधलं नाही तर डावा हात. दहाही बोटं झाली आणि लाल दिवाच आला तर आजीबाई माझ्याकडेच बघतात, जणू मीच दिवा लावला. नवीन मशीनला डोळ्याचा स्कॅनर आहे, त्याने बऱ्याच जणांचं होतं. मोतीबिंदूवाल्यांचं तेही होत नाही.

ताई, मावशींची केवायसी झालीय का? मला तेच वाटतंय.

कलमबहाद्दर

दुकानदारसाहेब, केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ रोजीच राज्यांना लेखी कळवलेलं आहे की केवळ आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारायचं नाही आणि त्याचं नावही कमी करायचं नाही. अंगठा नाही तर ओटीपी, तेही नाही तर दुसरं ओळखपत्र पाहून वहीत नोंद. हे आपण करता का?

दुकानवाला_बाप्पा

वहीत नोंद करून दिलं तर महिनाअखेर माझ्या मशीनवर तेवढा साठा शिल्लक दिसतो आणि गोदामातून पुढच्या महिन्याला तेवढा माल कमी येतो. मंजुरी निरीक्षकाकडून आणायची. निरीक्षक एक, दुकानं शंभर. तुमचं पत्रक खरं आहे, ते दुकानात चिकटवायला आणून द्या, मी चिकटवतो.

गोटीराम

एवढं करून मिळतं काय, तर प्लास्टिकचा तांदूळ. आमच्याकडे मागच्या महिन्यात आला. पाण्यात टाकला की तरंगतो. व्हिडिओ आहे, टाकू का?

सायली_आहारतज्ज्ञ

टाकू नका! ते पोषणयुक्त तांदळाचे दाणे आहेत. तांदळाचंच पीठ, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून यंत्रातून पुन्हा दाण्याच्या आकाराचे काढतात. तुमच्याकडे आला त्यात शंभर किलो साध्या तांदळामागे एक किलो मिसळलेले असणार. म्हणून मूठभर तांदळात थोडे दाणे वेगळे, जरा पिवळसर दिसतात आणि काही तरंगतात. लोक नेमके तेच निवडून फेकतात. वस्तीत काम करते तेव्हा सुपाच्या कडेला त्यांची वेगळी ढिगुली काढून ठेवलेली दिसते. ज्या बाईला रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्यात, तीच लोहाचे दाणे निवडून बाहेर टाकते. सांगायला कोणी गेलंच नाही, तर ती तरी काय करणार.

गोटीराम

बरं. पण चव कशी लागते ते पण सांगा की.

सायली_आहारतज्ज्ञ

चव रेशनच्या तांदळासारखीच. त्याबद्दल मी काही बोलत नाही. :)

अनुजा_क

नंबर सापडला. झेरॉक्सवर एक आकडा कुंकवाखाली गेला होता, तीनला आठ समजून आधी परभणीतल्या कोणाचं तरी कार्ड उघडलं.

तर. कार्ड दिसतंय, प्रकार पीएचएच, म्हणजे प्राधान्य कुटुंबच. नावं पाच. पण महिन्याचं मंजूर धान्य दोघांचंच, १० किलो. आणि ते दहा किलो गेले तीन महिने उचललेलं दाखवतंय! गावच्या दुकानातून. मावशी पुण्यात, मुलगा-सून कोल्हापूरला. मग हे कोणी उचललं? मी हे वाचून दाखवलं तर मावशी खुर्चीवर बसल्याच.

कलमबहाद्दर

थेट तक्रार करा. टोल फ्री १९६७ किंवा १८००-२२-४९५०. तक्रार क्रमांक घ्या. कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्या वर राज्य अन्न आयोग आहे. परवाना रद्द होऊ शकतो.

चकलीची_पहिली_कडी

हेच ते. मेलेल्यांच्या टाळूवरचं लोणी. गावात कोण विचारायला येणार असं वाटतं यांना.

खडूस काका

मी काय म्हणत होतो? पद्धतच सडलेली आहे. फक्त मी घेणाऱ्यांबद्दल म्हणालो आणि इथे देणारा निघाला.

दुकानवाला_बाप्पा

थांबा जरा. अंगठ्याशिवाय मशीन पावती काढत नाही. आधी घरातच विचारा, नातवंडं कुठे आहेत?

अनुजा_क

बाप्पा, तुम्ही म्हणालात तेच निघालं. नातवंडं गावीच आहेत, मुलाच्या सासूबाईंकडे. शाळा बुडू नये म्हणून या वर्षी तोडीला नेली नाहीत. नात बारा वर्षांची आहे. ती दर महिन्याला दुकानात जाऊन अंगठा देते आणि स्वतःचे नि भावाचे असे दहा किलो घेऊन येते. गावात सप्टेंबरात केवायसीचं शिबिर झालं, तेव्हा पोरांची झाली. मोठे तिघं तिथे नव्हते, त्यांची राहिली.

सासूबाईंनी मावशींना सांगितलं नव्हतं कारण त्यांना वाटलं मावशी पुण्यात आपलं उचलतातच आहेत.

चकलीची_पहिली_कडी

बारा वर्षांची पोर दहा किलो घेऊन येते. बरं.

रानवारा

म्हणजे प्रश्न सुटसुटीत झाला. कार्ड जिवंत आहे, फक्त तिघांची केवायसी नाही. कार्ड बीडचं असलं तरी केवायसी कुठल्याही रेशन दुकानातल्या मशीनवर होते. मावशींची पुण्यात, मुलगा-सुनेची कोल्हापूरला कारखान्याजवळच्या दुकानात. फुकट असते. कोणी पन्नास रुपये मागितले तर पावती मागा.

अंगठा घेत नसेल तर मोबाईलवर ‘मेरा ई-केवायसी’ ॲप आणि त्यासोबत आधारचं फेस आरडी ॲप घ्या. आधार क्रमांक, ओटीपी, मग चेहरा. उजेडात बसवा, चष्मा काढायला लावा, डोळे मिचकवायला सांगा.

बेळगावकर

आमच्याकडं कर्नाटकात पण हेच. तोडणीवाले बीड-उस्मानाबादचे दर वर्षी इकडच्या कारखान्यांना येतात. एक देश एक रेशन कार्ड आहे, इथं पण अंगठा चालतो. पण आमचा दुकानदार म्हणतो माझा कोटा माझ्या कार्डांपुरता, परक्यांना देऊन संपला तर गावच्यांना काय देऊ? मशीन हो म्हणतं, माणूस नाही म्हणतो. टोळीचा मुकादम ओळखीचा असला की देतो.

अवांतर: मधे आमच्या सरकारला वाढीव पाच किलोचा तांदूळ मिळेना, तेव्हा किलोला ३४ प्रमाणे माणशी १७० रुपये खात्यात टाकायचे. २०२५ मध्ये परत तांदूळच सुरू केला. आमच्या घरची कामवाली म्हणायची, पैसे आले की नवऱ्याला मेसेज जातो, तांदळाचा मेसेज जात नाही. तांदूळच बरा.

मोगरा_७३

त्या कामवालीला अर्थमंत्री करा!

न्यूजर्सीकर

वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. मी शनिवारी इथल्या फूड पँट्रीत (गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रात) मदतीला जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प होतं तेव्हा फूड स्टॅम्पचे, म्हणजे अन्नासाठीच्या सरकारी मदतीचे, पैसे लोकांच्या कार्डावर वेळेवर पडलेच नाहीत. रांग पार्किंगच्या बाहेर गेली होती. एक आजोबा विचारत होते, कार्ड बिघडलंय का? त्यांना काय सांगणार, वरून बंद झालंय.

पोटोबा

साहेबाच्या देशातही ‘वरून’ आहेच का! बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं.

अनुजा_क

अपडेट. तीन गोष्टी झाल्या.

दुकानात अंगठा घेतला नाही. फडकं, केस, डावा हात, सगळं करून झालं. त्या मशीनला डोळ्याचा स्कॅनर आहे पण ‘तो चालत नाही’ म्हणाले.

मग चेहऱ्याचं ॲप. ओटीपी आलाच नाही, कारण आधारला यजमानांचा नंबर जोडलेला. तो फोन यजमान गेल्यावर बंद झाला आणि नंबर आता कोणा भलत्याच माणसाकडे आहे. मावशी म्हणाल्या, ‘त्यांचा फोन कोण उचलतंय बघू तरी,’ आणि मी डायल करायच्या आत माझा हात धरला. त्यावर आम्ही दोघी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी आधार केंद्रात गेलो, ७५ रुपये, नंबर बदलायला टाकला. आठवड्याने झाला. मग ॲपवर ओटीपी आला, बाल्कनीत उजेडात बसवलं, आणि डोळे मिचकवा म्हटल्यावर मावशींनी असे घट्ट मिटले की ॲपने दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा झाली. आता महाईपॉसवर चालू महिन्याचं मंजूर अजून १० किलोच दिसतंय.

दुकानवाला_बाप्पा

या महिन्याचं वाटप आधीच निघालेलं असतं. पुढच्या महिन्यात १५ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर त्या दिवशी त्या पानाची प्रिंट काढून गावच्या तहसीलच्या ईमेलवर पाठवा आणि १९६७ वर तक्रार टाका. प्रिंट असली की ‘बघतो’ म्हणायला जागा उरत नाही.

अनुजा_क

आणि गेल्या तीन महिन्यांचे मावशींचे पंधरा किलो? मुलगा-सुनेचे धरले तर पंचेचाळीस होतात.

कलमबहाद्दर

कायद्याचं कलम ८. धान्य पुरवलं नाही तर अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा. त्याचे २०१५ चे नियमही आहेत, हमीभावाच्या सव्वापट रकमेतून रेशनचा दर वजा करून किती द्यायचे तो हिशेब दिलेला आहे. लेखी मागणी करा.

फायलीतला कारकून

कलम आहे. माझ्या पंचवीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही भत्ता गेला नाही. दुकानात माल होता, लाभार्थीच ‘अप्राप्त’ होता, असं उत्तर येईल. मागणी मात्र जरूर करा, कारण अर्ज आला की त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायला कोणीतरी फाईल उघडतो. अर्जात तारखा लिहा: कधी गेलात, कोण काय म्हणालं. ‘आम्ही गरीब आहोत’ हे एका ओळीत, तारखा दहा ओळीत. आमच्याकडे लोक उलटं लिहून आणत.

जमल्यास त्याच अर्जात कुटुंबप्रमुख म्हणून मावशींचं नाव लावून मागा. कलम १३ प्रमाणे घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाईच कुटुंबप्रमुख. यजमान गेल्यावर मुलाचं नाव आपोआप वर चढलं असेल. दाखल्या-अर्जांना पुढे उपयोगी पडतं.

खडूस काका

एक विचारतो, वाद म्हणून नाही. माझी पत्नी गेल्यावर मी आमच्या पांढऱ्या कार्डातून तिचं नाव कमी केलेलं नाही. पांढऱ्यावर काही मिळत नाहीच. तरी करावं लागतं का?

फायलीतला कारकून

धान्य नाही म्हणून कोणी विचारत नाही. पण करून टाका काका. मृत्यू दाखला आणि मूळ कार्ड घेऊन शिधावाटप कार्यालयात, नाहीतर ऑनलाइन अर्ज. घाई नाही.

खडूस काका

बरं. बघतो.

रानवारा

अनुजाताई, मुलगा-सुनेचं मात्र लांबवू नका. उचल नसलेल्या कार्डांवर आता नजर आहे. २०२५ च्या जुलैत केंद्राने नियम बदलला, सहा महिने काहीच उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं निष्क्रिय करून घरी पडताळणी करायची. तुमचं कार्ड नातीच्या अंगठ्यामुळे चालू राहिलंय. तोड संपून ते मार्चनंतर गावी येतील खरे, पण तोवर दोघांचं धान्य जातंच आहे. कोल्हापूरला कुठल्या तालुक्यात आहेत?

अनुजा_क

शिरोळकडे. मुकादम म्हणतो फडावरून दिवसा सुट्टी नाही, रात्री दुकान बंद.

दुकानवाला_बाप्पा

ज्या दिवशी कारखान्याची गाडी खोळंबते किंवा पाऊस पडतो त्या दिवशी फड बंद असतो, तेव्हा जायला सांगा. महिन्याच्या वीस तारखेनंतर. तेव्हा गर्दी नसते, सर्व्हरही बरा असतो. जाताना आधार कार्ड मूळ न्यायला सांगा आणि त्या दोघांचे नंबर आधारला कोणाचे जोडलेत ते आजच विचारून ठेवा.